मुळा पिळायचा की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मुळ्याच्या कोशिंबिरीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की, 'मुळा पिळू नका' हा सल्ला सोलापूरच्या तिखट जिभांना ठीक आहे, पण तुमच्याकडे मुलं नुसत्या वासाने ताटावरून उठतात. मुळा, कच्चा कांदा, सुरण यांचा उग्रपणा काढला तरच ते खाण्यालायक होतात, त्यात कौतुक कसलं, असंही तुम्ही विचारलंत. मुळा किसून, मीठ लावून ठेवायचा, घट्ट पिळायचा आणि वर चमचाभर साखर घालायची, ही तुमच्या आईंची रीत.

मुलांची तक्रार मला पटते, ही रीत पटत नाही. यात मुळा आधी होईल तितका उग्र करून घेतला जातो आणि मग तो उग्रपणा पिळून काढायची खटपट होते.

अख्ख्या मुळ्यात तो झणका तयार नसतोच. ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) मुळ्यात एकमेकांपासून वेगळी असतात. सुरी चालली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि नाकात चढणारं द्रव्य तिथल्या तिथे बनतं. किसणीने चकत्यांपेक्षा कितीतरी जास्त पेशी फुटतात, म्हणून किसलेला मुळा जास्त झोंबतो. मुळा मोहरीच्याच कुळातला, आणि मोहरीचा अनुभव तर तुमच्या-माझ्या हातात आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. तीच मोहरी कडकडीत तेलात तडतडली की फक्त खमंग लागते, कारण उष्णतेने ते विकर निकामी होतं.

वासाचंही असंच आहे. किसून ठेवलेल्या मुळ्याचा झणका हळूहळू उतरतो, पण वास वाढत जातो. मीठ लावून झाकून ठेवलेल्या वेळात तुमच्या स्वयंपाकघरात नेमकं हेच होतं. त्यामुळे मुलांसाठी किसणी बाजूला ठेवा. साल काढा, कारण तिखटपणा सालीलगत जास्त असतो. ताटं वाढायच्या वेळी पातळ चकत्या करा आणि लिंबू लगेच पिळा, कारण आंबटपणाने विकराचं काम मंदावतं. मग शेंगदाण्याचं कूट आणि घट्ट दही. साखरेची गरज पडू नये.

पिळलेलं पाणी मोरीत ओतणं तर मला अजिबात बघवत नाही. मुळ्यातलं क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, तेही त्या पाण्याबरोबर जातं. थालीपिठासाठी किंवा पराठ्यासाठी मुळा पिळावा लागतो, हे खरं. तिथे त्याच पाण्यात पीठ भिजवा, मीठ बेताने घाला.

आता सोलापूरच्या जिभेबद्दल. मिरचीचा तिखटपणा जिभेवर रेंगाळतो; मुळ्याचा नाकात जातो आणि क्षणात ओसरतो. काळ्या तिखटाची सवय म्हणून मुळा सोसतो, असं नाही. इथे मुळा आवडीने खाल्ला जातो तो हिवाळ्यात. मार्गशीर्ष-पौषात, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमाराला, मंडईत पाल्यासकट जुड्या येतात. थंडीतला मुळा गोडसर आणि रसरशीत असतो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि हा मुळा: याला शिजवायची काहीच गरज नाही, आणि शिजवणाऱ्याशी मी भांडेन! उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. पुसा चेतकीसारखी जात उष्ण हवेतही येते, पण आमच्याकडच्या उन्हात मुळा झणझणीत होतो आणि काढायला उशीर झाला की आत जाळी पडते. तेव्हा कच्च्याचा हट्ट मी धरत नाही. मुळा घेताना हातात जड लागतो का बघा, नख सहज रुततं का बघा, आणि घरी आल्यावर पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो.

असा झणझणीत मुळा कसा शिजवावा, हे मी शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून शिकले. तिथे मुल्लंगीच्या, म्हणजे मुळ्याच्या, जाड चकत्या चिंचेच्या आंबट वरणात पडतात. डाळ वेगळी शिजवायची, चकत्या थोड्या तेलात परतून पाण्यात झाकण न ठेवता उकळायच्या म्हणजे वास निघून जातो. मग चिंचेचा कोळ, डाळ, शेवटी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. चकती अर्धपारदर्शक झाली की ती चक्क गोड लागते. तुमच्या मुलांची सुरुवात याच आमटीने करा, कोशिंबिरीने नको. मुलं रुळली की मुळ्याचा चटका करा: भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, थोडा मुळा, हिरवी मिरची, लिंबू, वर हिंगाची फोडणी. इथे किसलेला मुळा चालतो, कारण डाळ तो झणका अंगात मुरवून घेते. पाल्याची भाजी पीठ पेरून करा. पाला टाकून फक्त मुळा घेणाऱ्यांचं मला नेहमी वाईट वाटतं.

सुरणाला मात्र मुळ्याच्या पंक्तीत बसवू नका. सुरणाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, म्हणून त्याला चिंच किंवा आमसूल लावून नीट शिजवावंच लागतं. कांद्याचा उग्रपणाही वेगळ्याच गंधक संयुगांचा, पण तोही चिरल्यावरच तयार होतो. त्यामुळे धारदार सुरीने चिरून गार पाण्यात थोडा वेळ ठेवला तरी पुरे.

रात्री कच्चा मुळा खाऊन पोटात वारा धरतो, हे तुम्ही लिहिलंत ते अनेकांचं होतं. कच्चा मुळा दुपारच्या जेवणात ठेवा आणि रात्री हवाच असेल तर ती आमटी करा.