उरलेले पैसे कोणाचे?

लंडनमधल्या हाउन्स्लोच्या आमच्या घरी एक दिवस साधं पांढरं पाकीट आलं. गहाण ठेवलेल्या पाटल्या मला सहा महिन्यांत सोडवता आल्या नव्हत्या आणि दुकानाने त्या विकल्या होत्या. आत चार ओळींचा हिशेब होता: विक्री १,०९० पौंड, खर्च २०, मुद्दल आणि व्याज मिळून येणं ८५२, तुमचे शिल्लक २१८. सोबत २१८ पौंडांचा चेक. पाटल्या आईच्या होत्या, त्या गेल्याचं दुःख अजून आहे. तरी तो कागद मी जपून ठेवलाय, कारण माझ्या आत्याला तिच्या बोरमाळेचा असा कागद कधी मिळालाच नाही.

आत्याने सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मुलाच्या फीसाठी माळ ठेवली होती. व्याज भरायला गेली तेव्हा काउंटरवर कळलं की माळ लिलावात गेली. कधी, कितीला, काही नाही. वर काय उरलं हे तिने विचारलंही नाही. "गेली ती माळ, आता कशाला तिचं नाव काढायचं?" म्हणाली.

घरच्या ग्रुपवर यावर वाद झाला. काकांचं म्हणणं, फेडता येत नसेल तर ठेवायचंच कशाला? काका, गहाण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे. सावकाराचा हक्क त्याच्या येण्यापुरता. त्यावरचा प्रत्येक रुपया वस्तूच्या मालकाचा. हे इंग्लंडातलं शहाणपण मी तुम्हाला सांगत नाहीये. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७६ हेच सांगतं: विकण्याआधी वाजवी सूचना द्या, जास्तीचे पैसे परत करा. कलम १७७ प्रमाणे प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत वस्तू सोडवताही येते.

मग फरक कुठे पडतो? इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात. वस्तू सोडवायला निदान सहा महिने मिळतात. कर्ज अगदी लहान नसेल तर विक्रीआधी १४ दिवसांची सूचना येते आणि विक्रीनंतर लेखी हिशेब द्यावाच लागतो. सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच आहे. वस्तू कमी भावात फुंकली असं मी म्हटलं, तर बाजारभाव मिळावा म्हणून आपण पुरेशी काळजी घेतली हे दुकानदाराने सिद्ध करायचं. मी नाही. दुकानाने दाद दिली नाही तर इथल्या आर्थिक तक्रारींच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आत्याच्या बाबतीत सगळं उलटं. माळ कितीला गेली हे शोधण्यापासूनच सगळं तिच्या डोक्यावर.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. महिन्याला सात टक्के व्याजाने माझं कंबरडं मोडलं होतं. शिवाय ७५ पौंडांपर्यंतच्या कर्जात मुदत संपली की वस्तू सरळ दुकानदाराची होते, परतावा नाही. गरिबातल्या गरिबाला कमी संरक्षण, हे मला पटत नाही.

भाऊ म्हणतो, रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नियम काढलेत. काढलेत, आणि चांगले आहेत. लिलावाची राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचंच नाही तो भाव, चालू मूल्याच्या निदान ९० टक्के, दोनदा लिलाव फसला तर ८५. वरचे पैसे पूर्ण रक्कम हाती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत परत. असा आकडा तर इथल्या कायद्यातही नाही. पण हे नियम बँकांना आणि वित्त कंपन्यांना लागू. गावातलं सोनं जातं पतसंस्थेत नाहीतर सावकाराच्या तिजोरीत, आणि तिथे रिझर्व्ह बँकेचा हात पोचत नाही. सहकार खात्याने हीच अट पतसंस्थांना आणि परवानाधारक सावकारांना घालावी: विक्रीनंतर हिशेबाचा कागद, न मागता, घरपोच. आणि भावाबद्दल वाद झाला तर पुरावा त्यांनी द्यायचा.

आत्याच्या गप्प बसण्यामागे लाज आहे. दागिना बुडाला हे चारचौघांत कळू नये म्हणून बायका काउंटरवरून मुकाट्याने परत फिरतात, आणि उरलेले पैसे तिथेच राहतात.

मी तिला अर्ज लिहून पाठवलाय: लिलावाची तारीख, माळेचं वजन, आलेली रक्कम, खर्च, शिल्लक. कलम १७६ त्यात ठळक लिहिलंय. परवा फोनवर म्हणाली, सोमवारी बाजाराला जाईन तेव्हा देते, आणि पोच घेतल्याशिवाय उठत नाही.