वेताळाच्या पोटातला गंज

माळा साफ करताना जुनं कॉमिक सापडलं? अभिनंदन. आता एकच काम करायचं, ते उघडायचं नाही. वाचायचं तर बिलकुल नाही. ज्यानं कॉमिक वाचलं त्यानं पोराच्या इंजिनिअरिंगची फी चुलीत घातली असं समजा, कारण जुनी कॉमिक्स जमवून विकायच्या या धंद्याचा सगळा पायाच असा हाय की जे कॉमिक कुणीच वाचलं नाही ते भारी, आणि जे गल्लीतल्या वीस पोरांनी जेवण सोडून, ताटाखाली लपवून, एकमेकाच्या डोक्यात टपल्या मारत वाचलं ते भंगार.

खोटं वाटत असेल तर अमेरिकेचं बघा. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, किंमत १० सेंट. त्यातली एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. कंडिशनला मार्क किती होते तर दहापैकी साडेआठ. आमच्या घरात साडेआठ मार्क आणले असते तर वडिलांनी आधी विचारलं असतं, दीड कुठं गेला?

आता एवढी किंमत का, तर शिल्लकच राहिले नाहीत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तिकडं रद्दी गोळा करायची मोहीम निघाली आणि पोरांनी देशासाठी गठ्ठेच्या गठ्ठे देऊन टाकले. आपल्याकडं त्यासाठी युद्धाची गरज पडली नाही, दिवाळीची साफसफाई पुरली. आमच्या मातोश्रींनी एका दिवाळीत एकटीनं जेवढी इंद्रजाल कॉमिक्स रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली तेवढी कुठल्याही सरकारला जमली नसती, आणि आलेल्या पैशात चहाची गाळणी घेतली. ती गाळणी अजून हाय. तिची कंडिशन विचाराल तर नियर मिंट, म्हणजे जवळजवळ नवीकोरी.

उलटी गोष्ट पण ऐका. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सील करून विकला, लोकांनी रांगा लावल्या, लाखांनी प्रती खपल्या आणि जो तो पिशवी न फोडता कपाटात ठेवून बसला, पुढं पोरांची शिक्षणं होतील म्हणून. सगळ्यांनीच जपलं म्हटल्यावर दुर्मिळ काय राहिलं, डोंबल? सुपरमॅन पण पुढच्या वर्षी परत जिवंत झाला. तेव्हा दुसरा नियम असा की तुम्ही जपा, पण शेजाऱ्याला जपू देऊ नका. त्याच्या पोरांना भेळ बांधायला कागद लागतो का विचारत राहा.

आता कंडिशन. सीजीसी म्हणून अमेरिकेतली एक कंपनी हाय, २००० सालापासून ती कॉमिक तपासून मार्क देते आणि कडक प्लास्टिकच्या डब्यात सील करून परत पाठवते. मार्क अर्ध्यापासून दहापर्यंत. पण त्यांची भाषा आधी शिकून घ्या नाहीतर फसाल. त्यांच्यात 'गुड' म्हणजे दहात दोन. 'व्हेरी गुड' म्हणजे चार. 'फाइन' म्हटलं तर सहा. म्हणजे कुणी फोनवर "कॉमिक गुड कंडिशनमध्ये आहे" म्हणाला तर समजा कव्हर लोंबतंय. आपण सांगलीकरांना हे अवघड जाऊ नये, मुलगी बघून आल्यावर घरातली म्हातारी "तशी बरी हाय" म्हणते त्याचा अर्थ आपल्याला लहानपणापासून कळतोय.

मी माझ्याच एका कॉमिकवर सराव केला. मराठी इंद्रजाल, वेताळाचं, म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे, मुखवटेवाल्या फँटमचं. (मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू झालं, पहिला अंक वेताळाचाच होता, ६० पैसे किंमत, आणि १९९० ला बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले. माझं मधलंच कुठलंतरी हाय.) टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, हात धुतले, चष्मा पुसला, घरात सगळ्यांना गप्प बसवलं. कव्हरवर निळ्या बॉलपेननं माझं नाव, खाली 'इ. ५ वी ब, हजेरी नं. ३२'. वेताळाला मुखवट्यावरनं मिशी काढलेली, तीपण एका बाजूला जास्त लांब, कारण तेवढ्यात सर आले होते. खालचा उजवा कोपरा नाहीच, थुंकी लावून पान उलटायच्या सवयीनं तो हळूहळू माझ्याच पोटात गेला असणार. मणक्याला सेलोटेप, ती आता काकवीच्या रंगाची झालीय आणि टेप निघून नुसता चिकटा उरलाय. मागच्या कव्हरवर आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब, सोम १, मंगळ १, बुध नाही, गुरु दीड. त्या गुरुवारी कोण पाहुणे आले होते काय माहिती.

पण खरी मेख पिनेत असती. कॉमिकच्या पोटात दोन लोखंडी पिना, त्या आधी बघायच्या. माझ्या पिना विटकरी झाल्यात आणि भोवतीच्या कागदाला चहाचा कप ठेवल्यावर उमटतो तसा गोल उमटलाय, त्या गोलात बोट लावलं की कागदाचा भुगा होतोय. वरची पिन गंजून मधोमध तुटलीय. आणि मधला कागद गायब. कॉमिकचा एक कागद म्हणजे चार पानं, म्हणजे १५ ते १८ नाहीत. १४ व्या पानावर वेताळ दोराला उलटा टांगलाय, खाली मगरी आ करून बसल्यात, आणि एकदम १९ व्या पानावर तो घोड्यावर बसून निघालाय. चाळीस वर्षं झाली, गडी सुटला कसा मला माहिती नाही.

माझ्या हिशेबानं हे 'व्हेरी गुड' होतं. पण दुसरं मत घ्यावं म्हणून दाजींना दाखवलं. दाजी तासगावला बेदाण्याच्या धंद्यात, आयुष्य सौद्यात गेलेलं, हिरवा-पिवळा-काळा लांबनं ओळखणारा माणूस. त्यांनी कॉमिक हातात घेतलं, उजेडात धरलं, नाकाजवळ नेलं, चिमटीत पानाचा तुकडा मोडून बघितला (हे करायचं नसतं), आणि म्हणाले, "काळा माल हाय. पाऊस खाल्लेला." सीजीसीवाले एवढ्यासाठी डॉलर घेतात, दाजींनी एका चहात सांगितलं.

पाऊस खाल्लेला हे खरंच. न्यूजप्रिंटचा कागद म्हणजे लाकडाचा लगदा, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, ते हवा आणि उजेड लागला की पिवळं पडतं, आंबट होतं आणि कागद पापडासारखा मोडायला लागतो. अमेरिकेत डेन्व्हरला एका माणसानं हजारो कॉमिक्स घरात रचून ठेवली होती, उंचावरचं गाव, कोरडी थंड हवा, अंधारं कपाट, १९७७ ला ती बाहेर निघाली तेव्हा काल छापल्यासारखी. आपण कुठं राहतो, तर कृष्णेच्या काठाला. आयर्विन पुलाला पाणी ४० फुटावर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि ऑगस्ट २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं तेव्हा लोकांनी आधी म्हातारी माणसं काढली, मग गॅस सिलिंडर, मग जनावरं. कॉमिक्सचा नंबर आला नाही. आमची ट्रंक कपाटावर होती, तळाला पाणी लागलं, खालच्या थरातल्या अंकांची एकजीव वीट झाली. त्या विटेत इंद्रजालचाच दुसरा हिरो बहादूर हाय एवढं कडेनं दिसतंय.

तरी निराश होऊ नका. सांगलीच्या कॉमिकचं वय काढायला तारीख लागत नाही. झाडाची वर्तुळं मोजतात तशा पानावरच्या पुराच्या रेघा मोजा. एक रेघ असेल तर २०२१, दोन असतील तर २०१९ पण बघितलाय, तीन असतील तर २००५ पासूनचा अनुभवी माल. जाहिरातीत 'ऐतिहासिक' असं लिहा.

डागडुजीचा मोह होईल, जरूर करा. पिना गंजल्यात? ऑफिसातला स्टेपलर आणा आणि चकचकीत दोन ठोका, म्हणजे ग्रेडर लोकांना पहिल्या सेकंदाला कळेल की पिना बदलल्यात. रंग उडालाय? पोराचं स्केचपेन घ्या. अशा मेकअप केलेल्या अंकाला सीजीसी निळ्याऐवजी जांभळं लेबल लावते आणि भाव दाणकन खाली येतो, पण रंग तर मॅच होतोय. इस्त्रीचं मात्र खरंच हाय, तिकडं कॉमिकला योग्य गरमीत दाब देऊन सुरकुत्या काढायला लोक वेगळे पैसे मोजतात. मी ऐकलं आणि लगेच आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्याकडं नेलं. त्यानं विचारलं, "कॉटन का टेरिकॉट?" मी म्हटलं कॉमिक. त्यानं कॉटनवर मारली.

आणि लॅमिनेशन! आपल्या माणसाचं लॅमिनेशनवर जेवढं प्रेम तेवढं बायकोवर नाही. दहावीचं मार्कलिस्ट, रेशनकार्ड, आजोबांचा फोटो, सगळं लॅमिनेट. ओळखीच्या एका गृहस्थांनी अमर चित्र कथेचे जुने अंक एकेक पान सुटं करून लॅमिनेट केलेत. कागदाला आता पाणी लागणार नाही, वाळवी लागणार नाही आणि गिऱ्हाईक पण लागणार नाही.

बाइंडिंग हा त्याच्या पुढचा टप्पा. आमच्या मामाकडं सुट्टीत भाड्यानं कॉमिक द्यायचा धंदा होता, दारात सुतळी बांधायची, त्यावर अंक कपडे वाळत घातल्यासारखे टाकायचे, तिथंच बसून वाचलं तर १० पैसे, घरी नेलं तर २५. अंक टिकावेत म्हणून मामानं पाच-पाच अंक एकत्र घेऊन दाभणानं शिवले, वर पुठ्ठा लावला आणि बाइंडरकडनं तिन्ही कडा सपासप कापून घेतल्या, त्यात काही ठिकाणी शेवटची ओळ पण गेली. जाणकारांच्या मते कडा कापलेलं कॉमिक म्हणजे नाक कापलेला माणूस. पण तेच पाच अंक त्या उन्हाळ्यात निम्म्या गावभागानं वाचले. मामाला हे सांगू नका, तो अजून त्याला 'पक्का माल' म्हणतो.

विकायला बसलात की सगळ्यात आधी काहीतरी 'पहिलं' शोधा. पहिला अंक, पहिल्यांदा आलेला हिरो, याला मान हाय. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ ला इंद्रजालमध्ये आला, तो अंक असेल तर कॉलर ताठ करा. अमर चित्र कथा १९६७ ला सुरू झाली आणि 'कृष्ण' तिचा ११ वा नंबर, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. पण तुमच्याकडचा 'कृष्ण' पहिल्या छपाईचा का नंतर दहादा छापलेल्यातला, हे किंमत, पत्ता, मागच्या कव्हरवरची यादी बघून कळतं. ते बघू नका. बघितलं तर कळेल, आणि कळलं तर 'ओरिजिनल' असं लिहिताना हात कापेल.

भाषा पण सांभाळा. स्वतःचं विकताना पिवळेपणाला 'विंटेज टोन' म्हणायचं, दुसऱ्याचं घेताना 'कागद गेलाय'. स्वतःच्या अंकावरचं नाव म्हणजे आठवण, दुसऱ्याच्या अंकावरचं नाव म्हणजे डाग. वासाला दोन्हीकडं वासच म्हणावं लागतं, त्याला इलाज नाही.

एवढं करून मी माझ्या वेताळाची किंमत पाच आकडी ठरवली आणि खात्रीसाठी रद्दीच्या दुकानात गेलो. त्यानं तराजूत टाकलं, काटा हललाच नाही. म्हणाला, "यासोबत पेपर आणा की किलोभर." राव, इतका प्रामाणिक ग्रेडर मी दुसरा बघितला नाही, माणूस ना मिशी बघतोय ना पिन.

मग फोटो टाकले आणि पुण्याहून एका संग्राहकांचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस, म्हणाले, "अहो, हाच अंक आहे माझ्याकडे, ९.२, सीलबंद." माझ्या पोटात एकदम गोळा आला. म्हटलं, साहेब, विकायचं राहू द्या, मेहरबानी करून तेवढं १५ ते १८ पान बघून सांगा, वेताळ सुटला कसा? ते म्हणाले, "छे हो, डबा फोडला तर ग्रेड जाईल." म्हटलं, आधी कधीतरी वाचला असेल की. म्हणाले, "मी घेतला तोच सीलबंद."

थोडा वेळ दोघं गप्प. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "काय आहे हो गोष्ट?"

मी कॉमिक पुढ्यात घेतलं आणि पहिल्या पानापासून सांगितली, पार १४ व्या पानापर्यंत, दोर, मगरी, सगळं.

"मग? पुढे?"

म्हटलं, पुढचं तुमच्या डब्यात हाय.