गोठवलेल्या सीरमवर उभी राहिलेली कारकीर्द

यकृताचे आजार आणि रोगप्रतिकारशास्त्र यांत संशोधन करायचं ठरवलेल्या मुलामुलींनी हार्वी ऑल्टर यांची कारकीर्द बारकाईने बघावी. हेपटायटिस सीच्या विषाणूच्या शोधासाठी २०२० चं नोबेल त्यांना मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांच्यासोबत मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागचा, रक्ताचे नमुने जपणारा फ्रीझर कुणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

१९६० च्या दशकात ऑल्टर आणि संशोधक बारूक ब्लुमबर्ग अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) थरात खळगे पाडून सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर उरणारा पातळ भाग, तपासत होते. एका खळग्यात अनेकदा रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम, शेजारच्या खळग्यांत इतरांची. प्रतिपिंड (शरीराने बनवलेलं संरक्षक प्रथिन) आणि प्रतिजन (ते ज्याला चिकटतं तो परका पदार्थ) भेटले की मध्ये रेघ उमटते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या सीरमसमोर उमटलेल्या रेघेने चरबीचा रंग फारसा घेतला नाही, प्रथिनाचा लाल रंग मात्र घेतला. पुढे कळलं की तो हेपटायटिस बीच्या विषाणूचा पृष्ठभागावरचा प्रतिजन होता. शोध घ्यायचा होता रक्तातल्या लिपोप्रोटीनचा, म्हणजे चरबी वाहणाऱ्या प्रथिनांचा!

१९७५ मध्ये ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या बऱ्याच हेपटायटिसमागे ए नाही आणि बीही नाही. हे सांगता आलं, कारण रुग्णांचे रक्त चढवण्याआधीचे आणि नंतर ठरावीक अंतराने घेतलेले नमुने जपलेले होते. या आजाराचा विषाणू सापडल्याचा दावा कुणी केला की ऑल्टर सांकेतिक क्रमांक घातलेल्या नळ्यांचा एक संच पाठवत. त्यात चिंपँझींना आजार देऊ शकलेली सीरम, निर्दोष दात्यांची सीरम आणि त्याच नमुन्यांच्या दुसऱ्या प्रती. अनेक दावे इथेच गळाले. हाउटन यांच्या गटाने संसर्ग झालेल्या चिंपँझीच्या रक्तातून बनवलेल्या लाखो क्लोन्समधून (जनुकीय तुकड्यांच्या प्रतींमधून) रुग्णाच्या प्रतिपिंडांच्या मदतीने एक क्लोन वेगळा काढला. त्यावरून बनवलेली चाचणी या संचावर टिकली आणि १९८९ मध्ये हेपटायटिस सी जगासमोर आला.

असा साठा करायचा तर काम किचकट आहे. साध्या नळीतलं रक्त अर्धा ते एक तास साकळू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं करायचं. विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय रेणू) मोजायचा असेल तर सीरम किंवा प्लाझ्मा (न साकळलेल्या रक्तातला पातळ भाग) सहा तासांच्या आत वेगळा झालाच पाहिजे. प्लाझ्मासाठी ईडीटीएची नळी घ्या. ईडीटीए आणि हेपरिन दोन्ही रक्त साकळू देत नाहीत, पण हेपरिन आरएनए मोजणाऱ्या पीसीआर चाचणीत अडथळा आणतं. अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकच मोठी नळी ठेवली की दर वेळी ती वितळवावी लागते आणि आरएनए तुटत जातो. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर तर वापरूच नका, तो आतून मधूनमधून गरम होतो. एएलटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) त्याच दिवशी मोजून लिहून ठेवा. गोठवलेल्या सीरममध्ये, विशेषतः उणे २० वर, तिची क्रिया घटते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एकच नमुना घेणं. हेपटायटिस सीचा आरएनए संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांत दिसतो, प्रतिपिंडं दिसायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळातला एकटा नमुना प्रतिपिंडाच्या चाचणीत नकारात्मक येतो आणि निष्कर्षच चुकतो.

टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तपासायच्या तर सीरमचा उपयोग नाही, त्यात पेशी नसतात. रक्त त्याच दिवशी फिकॉल या दाट द्रावणावर घालून पेशी वेगळ्या करायच्या, दहा टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना वाचवणाऱ्या द्रवात) मिनिटाला एक अंश या वेगाने गार करायच्या आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवायच्या. रात्रभर पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो, आणि तो आजाराचा परिणाम समजून लिहिला जातो. शिवाय यकृतात मुक्काम ठोकून बसलेल्या टी पेशी रक्तात फिरत नाहीत. म्हणून नुसत्या रक्तावरून यकृतातल्या दाहाबद्दल ठाम विधान करणारा निबंध मी साशंक मनानेच वाचतो.

नव्या यंत्राला निधी मिळतो, फ्रीझर सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. हे मला मनापासून खटकतं. प्रकल्पाच्या अर्जात दुसरा फ्रीझर, तापमानाचा अलार्म, जनित्र, गारठ्यात न सुटणारी लेबलं आणि नोंदी ठेवणारा कायमस्वरूपी माणूस यांच्यासाठी वेगळी रक्कम मागा. तीन वर्षांच्या अनुदानाबरोबर हा माणूस गेला, तर नळ्या उरतात, पण कोणती नळी कुणाची आणि कोणत्या आठवड्यातली, हे सांगणारं कुणी उरत नाही.