‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन देऊ नका. सवय लागते, माणूस गुंगीत जातो, मरण लवकर येतं. अगदीच असह्य झालं तर द्या.’ मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखणं थांबवणारं औषध. घरोघरी जाऊन अशा पेशंटची शुश्रूषा करणारी म्हणून उत्तर देते.

यातलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. सिडकोतल्या एका घरात मुलाने मॉर्फिनच्या गोळ्या देव्हाऱ्यामागे ठेवल्या होत्या. आई ओरडायला लागली की एक द्यायचा. गोळी लागू पडायला अर्धा तास तरी जातो, असर साधारण चार तास. म्हणजे त्या माऊलीने आधी ओरडायचं, मग वाट बघायची. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहून दिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला डॉक्टरांनी सांगितलेला दुप्पट डोस, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. दुखो न दुखो, वेळ झाली की गोळी.

गुंगी येते, पण बहुधा पहिले काही दिवसच. त्यातली निम्मी तर कित्येक रात्रींची तुंबलेली झोप असते!

सवयीचं म्हणाल, तर एकदम बंद केलं की त्रास होतो, हे खरं. रेडिएशनने दुखणं उतरलं की डॉक्टर डोस हळूहळू कमी करून बंदही करतात. याला व्यसन म्हणत नाहीत.

मरण लवकर येतं? कमी डोसपासून सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवलं तर नाही. किडनी कमजोर असेल तर जपावं लागतं, तेवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

‘चांगलं औषध असतं तर मेडिकलमध्ये मिळालं नसतं का?’ असंही एकीने विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही ते 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे. 2014च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना परवान्यांची जुनी कटकट उरली नाही. जिथे उपचार चालू आहेत तिथेच विचारा.

खरा त्रास मात्र मेसेजमध्ये नाहीच: बद्धकोष्ठ. तो जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि आपोआप जात नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच लिहून घ्या. नुसत्या इसबगोलावर राहू नका; पाणी कमी जात असेल तर त्याने उलट अडतं.