प्लगच्या आट्यात एपॉक्सी भरायला निघालेल्यांसाठी

परवा रात्री साडेअकराला मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासात, तिकडे भर दुपार. पार्ट्सच्या दुकानासमोर उभा, हातात जेबी वेल्डच्या, म्हणजे धातू चिकटवायच्या एपॉक्सी गोंदाच्या, दोन ट्यूबा. "दाजी, आधी कुठली पिळू, काळी की लाल?"

त्याच्याकडे 2000 सालची फोर्ड एफ-150 आहे, 5.4 लिटरच्या ट्रायटन व्ही-8 इंजिनाची. ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग त्याने स्वतःच बदलले. गरम इंजिनावर, टॉर्क रेंचशिवाय (म्हणजे जोर मापून कसणाऱ्या पान्याशिवाय), रॅचेटच्या पान्याला लांब पाइप लावून. चार नंबरच्या प्लगबरोबर हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, आटेही बाहेर आले. चूक त्याची आहे आणि तो ती नाकारतही नाही. माझा राग त्याच्यावर नाहीच. राग आहे त्या मेसेजवर, जो आमच्या फॅमिली ग्रुपवर खुद्द सासऱ्यांनी टाकला होता आणि ज्याच्याखाली अकरा अंगठे पडले होते: "जुन्या ट्रकच्या प्लगचे आटे गेले? मेकॅनिक हेड बदलायला लावून लुटतात! घरच्या घरी 15 मिनिटांत दुरुस्त करा, पाच सोपे उपाय." मी वीस वर्षं भोसरीत हेडचीच कामं केली. ग्रुपवर मीही आहे. पण विचारतो कोण!

उपाय पहिला: "प्लगच्या आट्यांना एपॉक्सी फासा, प्लग बसवा, रात्रभर वाळू द्या, सकाळी गाडी सुरू करा."

हे लिहिणाऱ्याला प्लग म्हणजे भिंतीतली खुंटी वाटते की काय? प्लगचा आटा 14 मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या बुडाचं क्षेत्रफळ साधारण 154 चौरस मिलिमीटर. पेट्रोल इंजिनात पेट घेतल्यावर दाब 50 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास पन्नास पट, गेला असं धरा, जोर दिल्यावर तो याहूनही वर जातो. हिशेब केला तर प्लगला खालून बसणारा रट्टा 78 किलोच्या आसपास येतो. इंजिन 2000 आरपीएमवर असेल तर एकेका सिलिंडरमध्ये असे रट्टे मिनिटाला हजार. एक धष्टपुष्ट माणूस प्लगला खालून मिनिटाला हजार लाथा घालतोय, आणि तुम्ही तो प्लग डिंकाने चिकटवलाय!

त्यात उष्णता. जेबी वेल्डचा मूळ प्रकार 550 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जेमतेम 288 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, असं कंपनीच सांगते. प्लगचं टोक चालू इंजिनात 500 ते 850 अंशांवर असतं. टोकाची ही उष्णता जाते कुठे? बरीचशी आटे आणि वॉशर यांच्यावाटे हेडमध्ये, तिथून पाण्यात. आटे नुसते प्लग धरून ठेवत नाहीत, प्लग थंडही ठेवतात. त्या वाटेत एपॉक्सीचा थर घातलात की प्लग तापत राहतो, लाल होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवू लागतो. तेव्हा पिस्टन अजून वर येतच असतो. पुढे पिस्टनला भोक पडलं तर नवल नाही.

शिवाय प्लगचं अर्थिंगही त्याच आट्यांतून होतं. एपॉक्सीतून वीज जात नाही. म्हणजे थर नीट बसला तर मिसफायर (मिश्रण पेटतच नाही), नाही बसला तर प्लग बाहेर. आणि समजा चमत्कार झाला, प्लग टिकला. तो पुन्हा बदलायचा कसा? प्लग ही बदलायचीच वस्तू आहे ना? वाळलेल्या एपॉक्सीचे तुकडे सिलिंडरमध्ये पडणार, आणि नंतर बुश, म्हणजे नवे आटे असलेली धातूची नळी, बसवायला येणारा तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालणार. मी घातल्या आहेत. एका व्हॅनच्या हेडमधून असलं काळं लुकण खरवडण्यात माझी अख्खी दुपार गेली होती.

उपाय दुसरा: "जुन्या प्लगला करवतीने उभ्या खाचा पाडा, तोच टॅप म्हणून फिरवा." टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. आटे शाबूत असतील आणि त्यांत नुसता कार्बन अडकला असेल तर असा खाचा पाडलेला प्लग ग्रीस लावून हाताने फिरवला की आटे साफ होतात. आमच्याकडे हे सगळेच करायचे. पण गेलेले आटे त्याने परत येत नाहीत. जिथे धातूच उरला नाही तिथे साफ काय करणार?

उपाय तिसरा: "हेलिकॉइल टाका, जन्मभराचं काम." हेलिकॉइल वाईट नाही. स्कूटरच्या हेडपासून कितीतरी ठिकाणी मी ती टाकली आणि ती टिकलीही. पण ती शेवटी तारेची गुंडाळी. या ट्रायटनच्या टू-व्हॉल्व्ह (दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या) हेडची जुनी अडचण अशी की प्लगला धरणारे वेढेच मुळात चार-एक आहेत. पुढे कंपनीने ते वाढवले. इतक्या कमी जागेत तारेची गुंडाळी पुढच्या वेळी प्लगबरोबरच बाहेर येते. इथे भरीव बुश हवा, ज्याला वर कॉलर आहे आणि जो खाली हेडमध्ये पक्का लॉक होतो.

उपाय चौथा: "टॅप मारताना पडलेला कीस आपोआप सायलेन्सरमधून उडून जातो." हेड न उतरवता बुशाचं काम होतं, एवढं यातलं खरं. पण आपोआप काही होत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, दर दोन वेढ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा, शेवटी व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून सिलिंडर झाडायचा, मग प्लग न लावता इंजिन फिरवायचं. ॲल्युमिनियम मऊ असतं हे खरं, पण व्हॉल्व्हच्या सीटवर एक चिप बसली तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

पाचवा उपाय, "अँटी-सीझ फासून जोर लावून कसा", याला एकच उत्तर. अँटी-सीझ म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट. प्लग बनवणारी एनजीके कंपनी सांगते की आमच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, अँटी-सीझ लावू नका, त्याने प्लग मापापेक्षा जास्त कसला जातो. मेहुण्यानेही प्लग पाइप लावून मापापेक्षा जास्तच कसला होता.

आता त्या "लुटतात"बद्दल. जुन्या गाडीवाल्याला हेड बदलायला सांगणारे गॅरेजवाले आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यावर उतारा ट्यूब नव्हे. खुद्द फोर्डने 2007 मध्ये डीलरांसाठी टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे दुरुस्तीच्या सूचनांचं पत्रक, काढलं. या टू-व्हॉल्व्ह इंजिनांच्या, म्हणजे 4.6, 5.4 आणि 6.8 लिटरच्या, प्लगचे आटे गेले तर हेड न बदलता लॉक-एन-स्टिच कंपनीच्या किटने ॲल्युमिनियमचा बुश बसवायला त्यात मंजुरी आहे. गॅरेजवाला हेड बदला म्हणाला तर हे बुलेटिन त्याच्यासमोर ठेवा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन मिनिटं शोधलं असतं तर त्याला हेच सापडलं असतं, पण मग "15 मिनिटांत" लिहिता आलं नसतं.

मेहुण्याला ट्यूबा परत करायला लावल्या. बुश बसवायचं किट घेऊन घरी येणारा एक मेकॅनिक त्याला शनिवारचा मिळालाय. चार नंबरचा प्लग अगदी मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ), हात जायची मारामार, त्यामुळे अर्धा दिवस जाईल. तोवर त्याला सांगितलंय: चार नंबरच्या ठिणगीच्या कॉइलचं आणि पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचं कनेक्शन काढून ठेव, प्लगच्या भोकात स्वच्छ फडकं कोंब, आणि दुकानापर्यंतच जायचंय म्हणून सात सिलिंडरवर गाडी काढू नकोस. यावर त्याने अंगठा पाठवला. सासऱ्यांनी अजून मेसेज काढलेला नाही.