भरकटलेल्या पक्ष्याला पकडू नका

कुठे दुर्मिळ पाहुणा पक्षी दिसला की एक मेसेज हमखास फिरू लागतो: 'मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे बिचारा वाट चुकला. आता तो जगणार नाही. त्याला पकडा आणि त्याच्या देशात पोहोचवा.' पाठवणाऱ्यांचा कळवळा खरा असतो. पण शेवटचं वाक्य कुणी मनावर घेतलं तर पक्ष्याच्या जिवावर बेतेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी टॉवर. डिसेंबर १९२७ मध्ये युरोपातल्या तुरेवाल्या टिटव्यांचे थवेच्या थवे अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला जाऊन उतरले. एकीच्या पायात इंग्लंडमध्ये घातलेली रिंग होती. तेव्हा मोबाइल कुठला? थंडीच्या लाटेमुळे टिटव्या निघाल्या आणि पूर्वेच्या जोरदार वाऱ्याने त्यांना समुद्रापार नेलं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात २०१८ मध्ये शेकडो स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातले पक्षी) मेले, तेव्हा '५जी'च्या चाचणीवर खापर फुटलं. ती चाचणी जूनमध्ये झाली होती आणि पक्षी मेले शरद ऋतूत. विद्युतचुंबकीय गोंगाटाने युरोपियन रॉबिन या छोट्या पक्ष्याची दिशा बिघडते, हे जर्मनीतल्या प्रयोगांत दिसलंय, पण तो गोंगाट मध्यम लहरींच्या रेडिओच्या पट्ट्यातला होता. मोबाइलची वारंवारता त्याहून कितीतरी वर असते.

'जगणार नाही' हेही सरसकट खरं नाही. काही मरतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला ग्रेट ब्लॅक हॉक हा एक शिकारी पक्षी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यापर्यंत पोहोचला. जानेवारीच्या बर्फात त्याचे पाय हिमदंशाने गेले आणि अखेर त्याला दयामरण द्यावं लागलं. ती बातमी वाचली तेव्हा मला रडू आलं होतं. पण दक्षिण गोलार्धातला एक काळ्या भुवईचा अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी १९७२ पासून १९९५ पर्यंत जवळजवळ दरवर्षी स्कॉटलंडमधल्या हर्मनेसच्या कड्यावर येत राहिला. आणि मध्य युरोपातले काही ब्लॅककॅप हे छोटे पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेऐवजी ब्रिटनकडे जाऊ लागले, ती दिशा त्यांच्या पिलांतही उतरते. आपण जिला चूक म्हणतो, ती कधीकधी नव्या वाटेची सुरुवात असते.

आता पकडण्याबद्दल. अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात रिंग घालणाऱ्या एका अनुभवी माणसाच्या हातात मी थकलेला वटवट्या जवळून पाहिलाय. त्याने गळ्याखालच्या पिसांवर हलकेच फुंकर मारली. चरबी साठलेली असती तर कातडीखाली पिवळसर दिसली असती, पण तिथे नुसता खळगा होता. छातीचं हाड धारेसारखं वर आलेलं. अशा पक्ष्याला लागतं अन्न आणि कुणी न हटकलेली झोप. आपण मागे धावलो की तो प्रत्येक वेळी उडतो आणि उरलीसुरली ताकद तिथेच संपते.

शिवाय उचलून नेल्याने वाट सुधारेलच असं नाही. डच संशोधक पेर्डेक यांनी स्थलांतराच्या वाटेवरचे अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. निष्कर्ष १९५८ मध्ये छापले. प्रौढ पक्षी वळून आपल्या नेहमीच्या ठिकाणांकडे गेले. पहिल्यांदाच निघालेले तरुण मात्र उपजत दिशा धरून उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनकडे पोहोचले. भरकटलेल्यांत तरुण पक्षीच जास्त आढळतात. आतली दिशाच चुकलेली असेल, तर मायदेशी सोडूनही पुढच्या प्रवासात तो पुन्हा तसाच निघू शकतो.

पक्षी जखमी असेल तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. नाहीतर लांबून, दुर्बिणीतून पाहा. तो मान उंचावून तुमच्याकडे बघू लागला किंवा खाणं थांबवलं, तर तुम्ही फार जवळ आलात. कॅमेरा खाली घ्या आणि मागे सरका.