टोपी कशावर घालू?

"काका, टोपी?"

तरणतलावाच्या खिडकीतला मुलगा माझ्या डोक्याकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी बघत राहिला.

"अरे, केसच नाहीत. पाण्यात पडणार कुठून?"

"नियमात केस लिहिलेलं नाही. टोपी लिहिलंय."

तेवढ्यात माझ्या मागचे गृहस्थ टोपी चढवून आत गेले. छातीपाठीला अस्वलाची लोकर.

"आणि ते जंगल?"

"छातीची टोपी येत नाही, काका." आली असती तर त्याने नक्की विकायला ठेवली असती, इतक्या हळहळीने म्हणाला.

१२० रुपये मोजले. सिलिकॉनची टोपी गुळगुळीत डोक्यावर धरत नाही. चार हात मारले की कानांवरून सुटते आणि मागे जेलीफिशसारखी तरंगते. ४५ मिनिटांच्या बॅचमधली निम्मी तिच्या पाठलागात जातात.

राग याचा, की नियम चुकीचा नाही. केस आणि सुती चड्डीचे धागे फिल्टरच्या वाळूत अडकतात, दाब वाढतो, मग उलटं पाणी सोडून वाळू धुवावी लागते. पण त्याहून महत्त्वाची आधीची अंघोळ! घाम आणि (लिहायला लाज वाटते, करणाऱ्यांना वाटत नाही) लघवी क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन होतं. डोळे चुरचुरतात ते बहुतेक त्यानेच, आणि तो उग्र वासही त्याचाच. शॉवरखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. तिथे कोणी विचारत नाही.

विहिरीलाही नियम होतेच, पण त्यांना कारण असायचं. शिकाऊ पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका (बिंडा), वाळलेला भोपळा, नाहीतर तेलाचा डबा. १५ लिटरचा डबा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला, स्वतःचं वजन वजा जाता १३-१४ किलो उचलून धरतो. पोराला त्याच्या निम्माही आधार पुरतो. पण बांधायचा खवाट्यांच्या जरा खाली. कमरेला बांधला की ढुंगण वर, डोकं पाण्यात, आणि काठावरचे म्हणतात, "बघा, शिकला!" सांध्याला गंज चढला की डबा हळूच पाणी पितो, म्हणून आधी कानाशी हलवून बघायचं. खळखळ ऐकू आली की तो डबा बाद.

आणि वैशाखातलं ते पाणी! वरचा वीतभर थर कोमट, पाय खाली सोडले की घोट्यांना गारवा चावतो. तलावाच्या चार फुटी टोकाला दुपारी नुसता कढ.

आता शहरातल्या विहिरी बुजवल्या, नाहीतर जाळी ठोकून त्यात निर्माल्य. मुटका मारायचा कुठे? तो म्हणजे नुसतं पाण्यात पडणं नव्हे. गुडघा छातीशी, नडगी दोन्ही हातांनी घट्ट, टेकता टेकता किंचित मागे रेलायचं. अंगामागे पाण्यात पोकळी होते. ती मिटताना 'धब्ब' आणि पाण्याचा खांब. पुढे झुकलात तर पोट सडकून निघतं.

मी नुसता गुडघा उचलला. शिट्टी.

निघताना खिडकीपाशी थांबलो. "टोपी परत घेतोस का? निम्मे दे."

"वापरलेली घेत नाही, काका. आत केस चिकटलेले असतात."